दुधातला दाणा

यंदा दिवाळी सरली तरी पाऊस हलायला तयार नव्हता. त्यामुळे भातं मागं पडली. महाडहून पोलादपूरला जाताना हायवेच्या कडेची खाचरं एसटीच्या खिडकीतून दिसतात. एक पिवळंधमक, त्याला लागून दुसरं अजून पोपटी. मी मुद्दाम दोन थांबे आधी उतरते, कुणाच्या तरी बांधावर वाकते आणि एक लोंबी हातात घेऊन तिचा दाणा नखानं दाबते. कडक लागला तर पिकला. पांढरा थेंब नखावर आला तर दाणा दुधात आहे, विळ्याला अजून अवकाश आहे. माझ्या नावावर एक गुंठा जमीन नाही, तरी दर नोव्हेंबरात मी हे करते. परवा एका बाईनं बांधावरून हटकलंच, "कोन गो तू? काय करतंस आमच्या भातात?" म्हटलं, "काही नाही, पिकलंय का बघते." तिनं मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि मी रस्त्याला लागेपर्यंत तिथून हलली नाही. मला तिचा राग आला नाही. मीही हलले नसते.

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच कबूल केलेलं बरं. महाडच्या शाळेत मी आयुष्यभर विज्ञान शिकवलं. दोन वह्यांत एकच चूक सापडली की कुणी कुणाचं बघून लिहिलं हे मी अक्षरावरून सांगायची. मेथीची जुडी सोडून बघितल्याशिवाय पिशवीत टाकत नाही. नवरा होता तोवर म्हणायचा, "हिला देव भेटला तरी ही आधी ओळखपत्र मागेल." हे सगळं हसण्यावारी जात होतं. संशय हा माझा घरगुती दुर्गुण होता, कुणाला फारसा न दुखवणारा. मग मुंबईवर तो हल्ला झाला, आणि माझा दुर्गुण एकदम देशाच्या कामाचा ठरला.

आठवा ते दिवस. स्टँडवर घोषणा सुरू झाली, बेवारस वस्तूंना हात लावू नका, आजूबाजूच्या संशयित व्यक्तींवर लक्ष ठेवा. ती आजही होते, इतकी गुळगुळीत झालीय की कुणी ऐकत नाही, मी ऐकते. आमच्या जिल्ह्याला तर याचा जुना सराव. पूर्वी एकदा मुंबई हादरली होती तेव्हा स्फोटकं आमच्याच किनाऱ्यावर उतरली होती, आणि तेव्हापासून रायगडचा म्हटलं की नाक्यावरचा पोलीस जरा जास्त वेळ कागद बघायचा. या वेळी आम्ही एकमेकांचे कागद बघायला शिकलो. आमच्या गल्लीतल्या बेकरीवाल्या चाचांनी त्या आठवड्यात दुकानाच्या दारावर तिरंगा लावला. शेजारच्या किराणावाल्यानं लावला नाही, औषधवाल्यानं लावला नाही, मी लावला नाही. आम्हाला कुणाला लावावासाच वाटला नाही, कारण आमच्याकडे तसं कुणी बघतच नव्हतं. मी रोजच्यासारखे पाव घेतले आणि त्या झेंड्याबद्दल एक शब्दही बोलले नाही. त्याची लाज मला नंतर वाटली. तेव्हा नुसती नोंद घेतली.

आता माझ्या वरच्या खोलीत एमआयडीसीत पाळीवर जाणारे दोघे भाड्यानं राहतात. त्यांचे फोटो, आधार, गावच्या पोलीस पाटलाचा दाखला, सगळं मी ठाण्यात नेऊन दिलं. तरी मागच्या महिन्यात पायरीवर एक काळी पिशवी दिसली तेव्हा मी तिला हात लावला नाही. शेजाऱ्यांना बोलावलं. पिशवीत धुतलेला गणवेश आणि रिकामा डबा निघाला. दोघे हसले, "मावशी, आमच्या डब्यात बॉम्ब?" मीही हसले. पण पुढच्या वेळीही मी पिशवीला हात लावणार नाही, हे मला ठाऊक आहे. त्या हल्ल्यातले मारेकरी मेले, जिवंत धरला त्याला फाशी झाली, खटल्याचे कागद कपाटात गेले. मग उरलं काय, असं दरवर्षी सव्वीस नोव्हेंबरला शाळेत भाषणाला येणारे पाहुणे विचारायचे आणि स्वतःच उत्तर द्यायचे, शौर्य, एकजूट. मी मागच्या रांगेत उभी राहून मनात म्हणायची, खोटं. उरली ती पायरीवरची पिशवी. आणि माझ्यापुरतं बोलायचं तर उरलं ते एका दाण्यातलं दूध.

माझं माहेर पोलादपूरच्या वर, डोंगराच्या कुशीतली वीस-पंचवीस घरांची वाडी. प्रत्येक घरातला एक तरी पुरुष मुंबईत. कुणी गोदीत, कुणी हॉटेलात, कुणी सोसायटीच्या गेटवर. माझा धाकटा भाऊ सुरेश दक्षिण मुंबईतल्या एका मोठ्या हॉटेलच्या धुलाईखात्यात होता. चादरी, टॉवेल, वेटरांचे कोट. त्याच्या हाताला कायम साबणाचा वास यायचा. त्याच खात्यात गणपत होता, पाचाडच्या अलीकडच्या वाडीतला. दोघांची पाळी वेगळी, खोली एक.

या मुंबईकरांची एक रीत होती, ती बाहेरच्यांना सांगितल्याशिवाय कळायची नाही. कापणीच्या दिवसांत सगळ्यांनाच गावी जायचं असतं आणि साहेब रजा देत नाही. म्हणून बदली. मी गावी गेलो तर माझी पाळी तू करायची, तुझं भात आलं की तुझी मी करणार. स्वतःची सकाळची आटपून दुसऱ्याची संध्याकाळचीही ओढायची, सोळा-सोळा तास. त्यासाठी फक्त दोन शब्द लागायचे. "भात आलं." बस्स. समोरचा "किती आलं, कुठलं आलं, हळवं का गरवं" असं विचारत नसे. म्हणून तर भाताच्या नावानं खोटं बोलायचं नाही, हा कडक दंडक. आमच्या वाडीतला एकजण एकदा भाताचं नाव सांगून मेव्हण्याच्या हळदीला जाऊन नाचला. पुढं दोन कापण्या त्याला कुणी बदली दिली नाही. म्हातारी आई एकटी कापत बसली. चोरी केली असती तर एवढी शिक्षा झाली नसती.

त्या वर्षी सुरेश मंगळवारी गावी आला. बुधवारी संध्याकाळी मुंबईत गोळीबार सुरू झाला.

मला तो गावी आल्याचं ठाऊक नव्हतं. मी महाडला टीव्हीसमोर. पडद्यावर धूर, आणि खाली पळणाऱ्या अक्षरांत त्याच्या हॉटेलचं नाव. त्याचा फोन बंद, वाडीतल्या शेजाऱ्यांचा लागत नव्हता. सकाळच्या पहिल्या गाडीनं पोलादपूर गाठलं, तिथून मिनीडोर टमटमनं वर. आईला कसं सांगायचं याची वाक्यं जुळवत आले, आणि अंगणात बघते तर सुरेश बादलीतल्या पाण्यानं तोंड धुतोय. मी त्याला धरून रडले. मारलंही दोन-चार. "कधी आलास? सांगता येत नाही?"

"मंगळवारी आलो. भात आलं म्हनून," तो म्हणाला. "गनपतनं बदली घेतलीय." आणि मग त्याचं त्यालाच ऐकू आल्यासारखं त्यानं हातातला तांब्या खाली ठेवला. गणपत तिथं होता. सुरेशच्या पाळीवर.

दुपारी मी खाली वहाळाच्या पाण्याकडे निघाले. घरात बसवत नव्हतं. आई दारातून ओरडली, "खाली नको जाव गो, चिखल हाय." मी गेले. वरची खाचरं दिवाळीच्या आधीच कापून झाली होती, नुसती खुंटं. उरलं होतं ते वहाळाकडचं गरवं, मुळातच उशिरा पिकणारं. लावणी उशिरा झालेली, ओलावा धरून राहिलेलं. ते हिरवं होतं. कडेला थोडं पिवळसर, आत हिरवंगार. मी विज्ञानाची बाई. डोळ्यांवर विश्वास ठेवायचा नसतो, प्रयोग करायचा असतो. मी दाणा दाबला. दूध आलं. दुसरा दाबला, तिसरा दाबला, खाचराच्या मध्यापर्यंत चिखलात गेले. सगळीकडे दूध. कापणीला अजून पंधरवडा तरी होता.

मग माझा भाऊ हल्ल्याच्या आदल्या दिवशी कशाला आला?

हा प्रश्न मी त्याला विचारला नाही. विचारला असता तर हा लेख लिहायची वेळ आली नसती. पण काही प्रश्न उत्तराच्या भीतीनं विचारले जात नाहीत. मी चिखलाचे पाय धुतले, चहा प्यायले, आणि भावाकडे पहिल्यांदाच तशा नजरेनं बघितलं, जशी मी दोन वह्यांकडे बघते.

गणपत गेल्याचं शनिवारी कळलं. त्यांच्या वाडीत फोन नव्हता. पाचाडच्या दुकानावर निरोप आला आणि तिथून कुणीतरी चालत जाऊन सांगितला. आम्ही मातीला गेलो. त्याची बायको सुनंदा, तेव्हा पंचविशीची असेल, रडून रडून कोरडी झालेली. तिनं सुरेशकडे बघून एकच विचारलं.

"भात झालं का कापून, भावजी?"

"झालं, वैनी," सुरेश म्हणाला.

मी त्याच्या शेजारी उभी होते. खाली वहाळाकडं भात उभं होतं, हिरवं, आणि माझा भाऊ मेलेल्या माणसाच्या बायकोला ते कापलं म्हणून सांगत होता. माणूस एकदा खोटं बोलतो तेव्हा चूक असते. दुसऱ्यांदा बोलतो तेव्हा काहीतरी लपवत असतो, असं मीच वर्गात सांगायची.

पुढं कुजबूज सुरू झाली. नेमका आदल्या दिवशी बरा आला. आतल्या कुणी मदत केल्याबिगर एवढं होतं व्हय? खाई त्याला खवखवे, बघा कसा कुणाशी बोलत नाय. हॉटेलातली जी माणसं त्या दिवशी रजेवर होती त्या सगळ्यांची चौकशी चालली होती, त्यात सुरेशचंही नाव होतं. दहा-बारा दिवसांनी साध्या वेशातले दोघे वाडीत आले. सभ्य होते. अंगणात बसले, पाणी मागून घेतलं. सुरेशला विचारलं, आईला विचारलं. आई पदराच्या टोकाशी चाळा करत "भात व्हतं, भात व्हतं" एवढंच म्हणत राहिली. रविवार होता म्हणून मी तिथं होते. त्यांच्यातला मोठा माझ्याकडे वळला.

"बाई, तुम्ही शिक्षिका. तुम्ही खोटं सांगणार नाही. तुम्ही आलात तेव्हा शेत कापणीला आलं होतं का?"

मी सुरेशकडे बघितलं नाही. आईकडे बघितलं नाही.

"दाणा दुधात होता," मी म्हणाले.

चार शब्दसुद्धा नव्हेत. खरे होते. ते त्यांनी लिहून घेतले आणि मी खाली सही केली. सुरेशला मुंबईला बोलावलं. चार दिवस तो तिकडे होता, मी रजा टाकून वर राहिले. ते चार दिवस आई चुलीशी बसून राहिली, माझ्याशी एक अक्षर बोलली नाही. पाचव्या दिवशी तो परत आला. त्याच्यावर काही आलं नाही, पण हॉटेलानं त्याला परत घेतलं नाही. संशय फिटला तरी माणूस नको असतो. अंगणात चपला काढता काढता तो मला म्हणाला, "ताय, जबाब वाचून दाखवला त्यांनी. बरोबर लिवलाय. दाना दुधातच व्हता."

त्यात राग नव्हता, टोमणा नव्हता. असता तर मी भांडले असते. त्यानं माझी बेरीज बरोबर असल्याचं सांगितलं आणि आत गेला.

त्यानंतर आमच्यात काही बिघडलं असं कुणाला दिसलं नसतं. भाऊबीज झाली, रक्षाबंधन झालं. दीड वर्षानं रेखा नावाच्या मुलीशी त्याचं लग्न झालं, मी करवली म्हणून मिरवले. त्यानं मिनीडोर घेतली, पोलादपूर ते वरच्या वाड्या अशी फेरी धरली. मी गेले की मला पुढं आपल्या शेजारी बसवतो. पण त्यानं माझ्यासमोर कधी काही पोटातलं काढलं नाही, आणि मीही त्याच्याशी बोलताना एक कान वेगळा ठेवला. तो मुंबई म्हणाला की मी त्याच्या हातांकडे बघायची. टीव्हीवर दरवर्षी त्या हॉटेलचा घुमट की काय ते दाखवतात, दिवे लावतात, लोक मेणबत्त्या घेऊन उभे राहतात. ते खरेच रडत असतील. मला मात्र वाटायचं, दहा माणसं होडीतून आली आणि देशाला जखमी करून गेली म्हणतात. माझ्या घरात तर कुणी आलंच नव्हतं. माझ्या भावावर पाळत ठेवायला मला कुणी सांगितलं? मीच ठेवली. मोठ्या संकटात माणसं एकत्र येतात म्हणतात. येत असतील. आम्ही एकाच पाटावर बसून एकमेकांना पारखत राहिलो.

यंदा कापणीला वर गेले ती आईला बघायला. आई आता थकलीय, उठताना भिंत धरते. अंगणात रेखा आणि सुरेश भारे झोडत होते. फळीवर भारा आपटला की दाणे उडतात तो आवाज, पेंढ्याचा गोडूस वास, अंगाला सुटणारी खाज, सगळं तेच. आईनं मला जवळ बोलावलं आणि हळू नाही, चांगलं मोठ्यानं म्हणाली,

"मला पाचाडला ने. सुनंदाकडं. मला तिला सांगायचं हाय."

झोडणी थांबली. सुरेश म्हणाला, "आय, नको."

"तू गप रे. तू लय वर्सं गप बसलास, ते पुरं."

आणि मग आईनं मला सांगितलं. तो मंगळवार. फोन तिनंच केला होता, शेजारच्या घरून. "भात आलंय, ये." भात आलं नव्हतं. बुधवारी दुपारी मुलगी दाखवायला येणार होते. सुरेशला खरं सांगितलं असतं तर तो आला नसता. खोलीत पाय पसरायला जागा नाही, लग्न कुठलं, असं म्हणून त्यानं दोनदा टाळलं होतं. म्हणून तिनं भाताचं नाव घेतलं. तो इथं आल्यावर त्याला कळलं. चिडला, परत निघतो म्हणाला, पण निघाला नाही. बुधवारी मुलगी आली, तिला पोहे दिले, ती रेखा. पाहुणे चार वाजता गेले.

"मला का नाही सांगितलं?" मी विचारलं.

"तुला?" आई म्हणाली. "आधीच्या दोन पोरींची स्थळं तूच मोडलीस. एकीचा शाळेचा दाखला काढून जन्मतारीख बघितलीस. म्हनून बघायच्या दिवशी तुला बोलावलं नाय. आन् मग गनपत गेला. मग कुनाला सांगायचं? भाताच्या नावानं मी खोटं बोलले आन् तिचा धनी गेला. सुनंदाच्या कानावर गेलं असतं तर मी तोंड कुठं लपवलं असतं?"

मी सुरेशकडे बघितलं. "चार दिवस तिकडे तू…"

"तिसऱ्या दिवशी सांगितलं त्यांना," तो म्हणाला. "पोरगी बघायला आलतो म्हनून. त्यांनी रेखाच्या बापाला विचारलं, मग सोडलं. म्हटलं, साहेब, गावात नका बोलू, आयचं नाव येईल. नाय बोलले ते."

म्हणजे पोलिसांना ठाऊक होतं. रेखाला, तिच्या बापाला ठाऊक होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तसं उत्तर याच घरात चुलीपाशी बसलं होतं आणि मी खाचरात दाणे दाबत हिंडत होते. माझ्या भावानं आपल्यावर देशद्रोहाचा संशय घेऊ दिला, पण आईवर खोटेपणाचा डाग येऊ दिला नाही. आणि ज्यांना सांगितलं त्यांत मी नव्हते. मला त्याचा रागही मनापासून धरता येईना, कारण अंगणातल्या त्या रविवारी मला हे ठाऊक असतं तर मी काय केलं असतं? सांगून टाकलं असतं. दाणा दुधात होता, आणि आईनं खोटं सांगितलं होतं. सही केली असती. ते मला बरोबर ओळखून होते.

दुसऱ्या दिवशी सुरेशनं मिनीडोर काढली. महाडवरून पाचाडचा रस्ता धरला. आई दर वळणाला "आलं का?" म्हणायची.

सुनंदाची गडाच्या पायथ्याशी खानावळ आहे. चार टेबलं, पत्र्याचं छप्पर, गडावर जाणाऱ्यांना पिठलं-भाकरी आणि ताक. गिऱ्हाईक नव्हतं. ती परातीत भाकरी थापत होती. केस पिकलेले, हात तेवढे भराभर चालणारे. सुरेश गाडीतून उतरलाच नाही. स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत बसला. मी आईला धरून आत नेलं, खुर्चीवर बसवलं, आणि आईनं पाणीसुद्धा न पिता सुरुवात केली. सगळं सांगितलं. फोन, भात, मुलगी, पोहे. सांगताना ती पदराचं टोक पिळत होती.

सुनंदानं तव्यावरची भाकरी उलटली, फुगू दिली, काढली. मग हात पुसून आईच्या पुढ्यात खाली बसली.

"आये, मला ठाव हाय."

आई खुर्चीतून पुढं वाकली.

"मंगळवारी ह्यांचा फोन आलता मला. म्हनले, सुरेशची बदली घेतलीय, भात आलं म्हनतो. आन् हसले. म्हनले, आपलंच अजून हिरवं हाय, त्याचं वर डोंगरात कुठून येतंय एवढ्यात? काय तरी काम असंल. मी म्हटलं, मग इचारायचं नाय का? तर म्हनले, भाताचं नाव घेतल्यावर इचारू नये." तिनं आईचे हात आपल्या हातात घेतले. "ते ठाव असून गेले, आये. तुमच्या खोट्यानं नाय गेले."

आई रडायला लागली. मोठ्यानं, पोरीसारखी. सुनंदा तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "मला त्या खोट्याचा राग नाय आला ताई. मी इचारलं तवा 'झालं' म्हनला भावजी, आन् मग कधी फिरकला नाय, त्याचा आला. पोलिसांनी नेला तवा लोक बोलत व्हते. मग मीपन म्हटलं, असंल. ठाव असंल त्याला काय तरी. लय वर्सं म्हटलं मी."

तिनं तेही लपवलं नाही.

आणि तिथं, त्या पत्र्याखाली, आईचं रडणं चालू असताना, माझ्या डोक्यातली तपासनीस जागी झाली. मंगळवारी फोन? त्यांच्या वाडीत फोन नव्हता. गणपतच्या मरणाची बातमी चालत गेली होती. मग हा फोन आला कुठं? दुकानावर आला असेल, दुकानावरून बोलावणं धाडलं असेल, येतही असेल. का हे आत्ता, एका म्हातारीची दशा बघून, भाकरी फुगेपर्यंतच्या वेळात सुचलं? सुनंदाच्या चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं. प्रश्न साधा होता. "कुणाच्या फोनवर आला होता?" एवढं विचारलं असतं तर तिच्या पापणीवरून मला कळलं असतं. माझं तोंड उघडलंही होतं.

"त्याला भायेर कशाला बसवलंय?" सुनंदा म्हणाली. "बोलवा आत. ताटं करते."

मी बाहेर आले. उन्हात मिनीडोरचा पत्रा तापला होता. सुरेशनं मान वळवली नाही.

"काय म्हनली?"

मी सांगितलं. गणपतला ठाऊक होतं. भात हिरवं आहे हे ठाऊक असून त्यानं बदली घेतली, आणि हसून घेतली. तिला तसं फोनवर सांगितलं होतं.

आता त्यानं माझ्याकडे बघितलं. या माणसाला मी लहानपणी कडेवर घेतलं होतं आणि त्याच्याविरुद्ध सही केली होती. मी पुराव्याशिवाय शब्द काढत नाही, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

"खरं?" त्यानं विचारलं.

"खरं," मी म्हणाले.

तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मी नजर हलवली नाही. मग त्यानं किल्ली काढून खिशात घातली, गाडीतून उतरला आणि आत जेवायला गेला.